गृहयंत्रविचार : संगणकास न दिसणारी हार्ड डिस्क

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांत एकच तक्रार पुनः पुनः आढळते. शब्द निरनिराळे आहेत, पण आशय एक : बाहेरून जोडावयाची हार्ड डिस्क परवांपर्यंत नीट चालत होती, आज ती लॅपटॉपला लावली तर कांहींच दिसत नाहीं, पेटी मेली असें समजावें काय? एका भगिनींच्या पेटींत त्यांच्या कै. सासूबाईंनीं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत आणि त्या दुसरीकडे कोठेंहि उतरून ठेवलेल्या नाहींत. एका गृहस्थांनीं कुलवृत्तांतासाठीं नऊ वर्षें गांवोगांव हिंडून जुने कागद, वंशावळी आणि बखरीचीं पानें यांचीं छायाचित्रें जमविलीं, तीं सारीं अशाच एका पेटींत आहेत. पेटीची किंमत चार-सहा हजार रुपये. आंतल्या वस्तूची किंमत करावयास बाजारांत वजनें नाहींत. म्हणून या महिन्यांत पत्रांस वेगवेगळीं उत्तरें न देतां विषय सविस्तर मांडण्याचें योजिलें आहे.

आमचें सारें आयुष्य शब्दरूपें आणि धातुरूपें शिकविण्यांत गेलें. तेव्हां आम्ही यंत्रशास्त्राच्या गोष्टी सांगाव्या हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु या प्रकरणांत पहिली चूक होते ती यंत्राची नसून तर्काची असते. "दिसत नाहीं, म्हणून नाहीं" असें अनुमान लोक लागलीच करितात. आपल्या मीमांसकांनीं व नैयायिकांनीं या एका प्रश्नावर शेंकडों वर्षें वाद घातला आहे. भूतलावर घट दिसत नाहीं एवढ्यावरून घट नाहीं असें म्हणतां येईल काय ? येईल, पण एका अटीवर : घट तेथें असता तर तो खात्रीनें दिसला असता अशी परिस्थिति पाहिजे. दिवा लावलेला पाहिजे, डोळे चांगले पाहिजेत, मध्यें पडदा नको. हिलाच योग्यानुपलब्धि म्हणतात. काळोख्या कोठींत हंडा दिसला नाहीं म्हणून हंडा चोरीस गेला अशी फिर्याद कोणी शहाणा माणूस देत नाहीं. संगणकास डिस्क दिसत नाहीं, या वाक्यांत दिवा कोठें आहे, डोळे कोणाचे, आणि पडदा कोणता, हें अगोदर ठरवावयाचें आहे. आणि अनुभव असा कीं पुष्कळ वेळां दोष डिस्कचा नसून दिव्याचा किंवा पडद्याचाच निघतो.

तपास सुरू करण्यापूर्वीं एक निषेध मात्र सांगितलाच पाहिजे. संगणक पडद्यावर कांहींहि विचारो, "फॉरमॅट करावयाचें काय ?" या प्रश्नास होकार देऊं नये. तो प्रश्न अशा सौम्य भाषेंत विचारला जातो कीं नाहीं म्हणणें असभ्यपणाचें वाटावें. फॉरमॅट करणें म्हणजे ग्रंथालयाची सूची जाळून कोरी सूची करणें होय. पुस्तकें कांहीं काळ कपाटांत असतातहि, पण कोठलें पुस्तक कोठें हें कळण्याचा मार्ग खुंटतो, आणि नवीं पुस्तकें जुन्यांच्या जागीं बसूं लागतात.

आतां पेटीच्या आंत काय असतें तें थोडक्यांत पाहूं, कारण त्यावांचून पुढचें कांहींच कळणार नाहीं. आंत एक किंवा अधिक गुळगुळीत तबकड्या असतात आणि त्यांवर लोहचुंबकाच्या गुणाचा अत्यंत पातळ लेप असतो. खिशांत मावणाऱ्या डिस्कमध्यें या तबकड्या बहुधा मिनिटास ५४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदास नव्वद. तबकडी हाताच्या तळव्याहून लहान. तरी तिच्या कडेचा वेग ताशीं साठ किलोमीटरांहून अधिक भरतो. तिच्यावर एका बारीक दांड्याच्या टोकाशीं वाचणारें-लिहिणारें डोकें असतें. तें तबकडीस टेकत नाहीं; फिरत्या तबकडीबरोबर जी हवा ओढली जाते तिच्या गादीवर तें तरंगतें. अंतर किती, तर माणसाच्या केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले असतां त्यांतला एखादा भाग. अशी पेटी चालूं असतांना टेबलावरून जमिनीवर पडली तर आंत काय होत असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

या यंत्राचा पूर्वज अमेरिकेंत आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं बाहेर आणला. त्यांत चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक रचलेल्या होत्या, आणि त्या साऱ्या मिळून सुमारें पन्नास लक्ष अक्षरें धरून ठेवीत. आज तळहाताएवढ्या पेटींत त्याच्या लाखों पट मजकूर राहतो. यास कारण झालेल्या शोधांपैकीं एक म्हणजे १९८८ सालीं आल्बेर फेर व पेटर ग्र्युनबेर्ग या दोघां शास्त्रज्ञांस स्वतंत्रपणें आढळलेला चुंबकीय रोधाचा परिणाम. त्याबद्दल त्यांस २००७ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. लेख जितका सूक्ष्म, तितका तो नाजूक हेंहि ओघानेंच आलें.

तपासाची रीत आमच्या मतें अन्वय-व्यतिरेकाची असावी. ज्याच्या असण्यानें दोष राहतो आणि ज्याच्या नसण्यानें दोष जातो, तें दोषाचें कारण. याकरितां एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. घाईचीं माणसें तार बदलतात, त्याच क्षणीं खांच बदलतात, वर संगणकहि बंद करून चालूं करितात. मग डिस्क दिसूं लागली तरी कशामुळें दिसली हें कळत नाहीं आणि आठ दिवसांनीं तीच रड पुन्हां सुरू होते. पेटी एक, तार एक, पोर्ट एक, संगणक एक. चार पदें आहेत. एक बदलावें, पाहावें, मगच दुसऱ्यास हात घालावा.

सर्वांत आधीं तार. ती दिसावयास क्षुद्र, पण या रोगाचें सर्वांत मोठें माहेर तेंच. पेटीच्या बाजूस जी रुंद, मध्यें खांच असलेली पिन बसते ती वर्षानुवर्षें आंत-बाहेर करून सैल होते. तार जेथें पिनेस मिळते तेथें रोज वांकून आंतले तंतु तुटतात. बाहेरून आवरण शाबूत असल्यामुळें कोणास शंका येत नाहीं. जुन्या पोथ्यांच्या शेवटीं लेखक वाचकांस विनवीत असत कीं, हिला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपा. तेल सोडलें तर बाकीच्या दोन्ही विनंत्या हार्ड डिस्कला जशाच्या तशा लागू पडतात ! यांतच आणखी एक मौज आहे. मोबाइलबरोबर येणाऱ्या कित्येक तारा नुसत्या चार्जिंगच्या असतात. त्यांत वीज वाहणारे तंतु असतात, मजकूर वाहणारे नसतात. अशा तारेनें जोडलेल्या पेटीचा दिवा लागतो, पेटी गुणगुणते, आणि संगणकास तिचा पत्ता नसतो. म्हणून शेजारघरून दुसरी तार मागून आणावयाची तर ती मजकूर वाहणारी आहे अशी खात्री करून घ्यावी. दुसऱ्या कोणाची डिस्क तिनें चालते आहे, हीच उत्तम खात्री.

तारेनंतर वीज. या ठिकाणीं आम्ही किंचित् रेंगाळणार आहों, कारण पत्रांतील निदान तीन प्रकरणें आम्हांस येथलींच दिसतात. खिशांतली डिस्क आपली सारी वीज त्या यूएसबीच्या खांचेंतूनच घेते. ठरलेल्या मर्यादेप्रमाणें यूएसबी २ ची खांच ५ व्होल्टांवर ५०० मिलिअँपिअर प्रवाह देते, यूएसबी ३ ची खांच ९०० देते. डिस्क एकदां फिरूं लागली म्हणजे तिची भूक बेताची असते. पण स्थिर तबकडीस प्रथम गति देतांना तिला बराच अधिक प्रवाह लागतो. बैल चालूं लागल्यावर गाडी सहज ओढतात, खरा जोर लागतो तो पहिलें चाक हलवितांना, तसेंच हें. खांच जुनी असली, तार लांब असली, किंवा मध्यें चार तोंडांचा हब असून त्यावर माऊस, कीबोर्ड व पेन ड्राइव्ह अशी मंडळी जेवावयास बसलेली असलीं, तर तबकडी उठण्याचा प्रयत्न करते, दमते आणि खालीं बसते. त्या वेळीं पेटींतून बारीक "टीं-टीं" किंवा घुंई असा आवाज येऊन थांबतो. ओव्यांच्या पेटीबद्दल त्या भगिनींनीं जें वर्णन केलें आहे, कीं दिवा लागतो, क्षणभर गुणगुण होते आणि मग पेटी गप्प बसते, तें वाचून आम्हांस प्रथम याच दोषाचा संशय येतो. विशेषतः पेटी त्या टेबलावरच्या मोठ्या संगणकाच्या पुढच्या बाजूस लावीत असल्यामुळें. पुढच्या बाजूच्या खांचा आंतून आणखी एका तारेनें मुख्य पाटीस जोडलेल्या असतात; मागल्या खांचा थेट पाटीवर असतात. त्यांनीं पेटी मागल्या खांचेंत, आंखूड तारेनें, मध्यें कांहींहि न घालतां लावून पाहावी. पण गुणगुण होऊन थांबणें एक-दोनदां झालें तर प्रयत्न तेथेंच सोडावा, कारण डोकें तबकडीस चिकटलें असतांहि आवाज असाच येतो, आणि तेव्हां पुनः पुनः वीज देणें घातक होतें.

ज्या पेट्या आकारानें मोठ्या, जाड पुस्तकाएवढ्या, त्यांस स्वतंत्र अडॅप्टर असतो आणि तो बहुधा १२ व्होल्टांचा असतो. अडॅप्टर बिघडला म्हणून ड्रॉवरांतला दुसरा, पिन बसते एवढ्याच पुण्याईवर, कधींहि लावूं नये. लॅपटॉपचे अडॅप्टर पुष्कळदां १९ व्होल्टांचे असतात. असा एक अडॅप्टर आंतली पाटी क्षणांत जाळूं शकतो. अडॅप्टरवर बारीक अक्षरांत व्होल्ट लिहिलेले असतात, तें वाचावयास चष्मा शोधण्याचा आळस महागांत पडतो.

ही यूएसबीची खांच ज्यांनीं घडविली त्यांत अजय भट्ट हे प्रमुख होते; त्यांचें शिक्षण बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठांत झालें आणि पुढें ते अमेरिकेंत इंटेल कंपनींत गेले. त्या खांचेचें पहिलें अधिकृत रूप १९९६ सालीं प्रसिद्ध झालें. पूर्वीं छपाईयंत्राची खांच निराळी, माऊसची निराळी, आणि प्रत्येक नवें उपकरण जोडल्यावर संगणक बंद करून चालूं करणें अशी दशा होती, ती त्यामुळें गेली. पिन पहिल्या खेपेस उलटीच कां धरली जाते, हा प्रश्न मात्र जगांतल्या सर्व घरांत विचारला जातो.

पावसाळ्यांतली एक बाब. कोंकणांत, मुंबईंत आणि गोंव्यांत हवा दमट. वातानुकूलित खोलींतली थंड पेटी एकदम बाहेरच्या हवेंत आणली तर चष्म्यावर बाष्प धरावें तसें तिच्यावर धरतें. अशा वेळीं पेटी तासभर तशीच ठेवून मग लावावी.

तार, खांच आणि वीज यांची शहानिशा झाली, दुसऱ्या संगणकावरहि पाहून झालें, तरी पेटी दिसत नाहीं, तर पुढचा प्रश्न असा : ती संगणकास मुळींच कळत नाहीं, कीं कळते पण तो आपणांस दाखवीत नाहीं ? या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. विंडोजमध्यें स्टार्टच्या चिन्हावर उजवी कळ दाबली असतां जी यादी येते तींत डिस्क मॅनेजमेंट म्हणून एक नांव आहे. तें उघडलें म्हणजे संगणकास जोडलेल्या सर्व डिस्का आडव्या पट्ट्यांच्या रूपानें दिसतात, मग त्या नेहमींच्या खिडकींत दिसोत वा न दिसोत. मॅक असेल तर डिस्क युटिलिटी उघडून सर्व उपकरणें दाखविण्याचा पर्याय निवडावा. येथें पट्टी दिसली तर अर्धा जीव भांड्यांत पडला असें समजावें.

पट्टी आहे, तिच्यावर आकार बरोबर लिहिला आहे, पण डी, ई, एफ असें अक्षर नाहीं, हा प्रकार सर्वांत सोपा. मुलाचें नांव हजेरीपटांत चढवावयाचें राहिलें म्हणजे तें वर्गांत बसलेलें असूनहि गैरहजर ठरतें. तसें झालेलें असतें. पट्टीवर उजवी कळ दाबून अक्षर देण्याचा पर्याय घ्यावा, डिस्क लागलीच दिसूं लागते. पट्टीवर "ऑफलाइन" असें असेल तर तेथेंच उजव्या कळीनें "ऑनलाइन" करावें. कधीं कुलुपाचें चिन्ह दिसतें : कोणीतरी बिटलॉकर लावून ठेवलेला असतो, त्यास परवलीचा शब्द अगर ४८ अंकांची किल्ली लागते, आणि ती किल्ली नसेल तर पुढें वाट नाहीं.

परंतु त्या पट्टीवर "रॉ", "अनॲलोकेटेड" किंवा "नॉट इनिशिअलाइज्ड" असे शब्द असले तर हात मागें घ्यावा. इनिशिअलाइज करूं काय असें संगणक विचारील, त्यासहि नकारच. याचा अर्थ पेटी कळते आहे, पण तिच्यावरची सूची वाचतां येत नाहीं.

आणि येथें एक मोठा घोटाळा होतो, तो उदाहरणानेंच सांगतों. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांचे चिरंजीव कॅलिफोर्नियांत असतात. वडिलांनीं पाठविलेल्या मोडी कागदांच्या प्रती त्यांनीं तेथें साफसूफ करून, अनुक्रम लावून, एका नव्या डिस्कवर घातल्या आणि पुण्यास येणाऱ्या स्नेह्याबरोबर धाडल्या. डिस्क येथल्या विंडोज संगणकास लावली तर नेहमींच्या खिडकींत कांहीं नाहीं. पेठेंतल्या एका दुकानांत नेली. दुकानदारानें दोन मिनिटें पाहून निर्णय दिला कीं, आंतला डाटा करप्ट झालेला आहे, तासाभरांत फॉरमॅट मारून देतों, पांचशें रुपये होतील. गृहस्थ हो म्हणण्याच्या बेतांत होते. सुदैवानें खिशांत पांचशें रुपये नव्हते! दुसऱ्या दिवशीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें ती आपल्या मॅकला लावली, आणि सतराशें पानें जशींच्या तशीं समोर आलीं. झालें होतें एवढेंच कीं चिरंजीवांचा संगणक मॅक होता व त्यानें डिस्क आपल्या लिपींत मांडली होती.

लिपि हाच शब्द येथें योग्य. एकाच मराठीस मोडी आणि बाळबोध अशा दोन लिपी. मोडी न येणाऱ्यास तो कागद रेघोट्यांचा वाटतो, म्हणून कागद कोरा ठरत नाहीं. तशा डिस्क मांडण्याच्या पद्धति निरनिराळ्या आहेत. विंडोजची एनटीएफएस, मॅकची एपीएफएस व तिच्या आधींची एचएफएस प्लस, लिनक्सची ईएक्सटी ४. मॅकला एनटीएफएस वाचतां येते पण तींत आपण होऊन लिहितां येत नाहीं. विंडोजला मॅकच्या पद्धति मुळांत वाचतांच येत नाहींत, मग तो कधीं गप्प बसतो, कधीं फॉरमॅटची भाषा बोलतो. दोघांसहि वाचतां-लिहितां येते अशी पद्धति एक्सफॅट. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांनीं मुलांस एवढें एक वाक्य अवश्य कळवावें कीं, आमच्याकडे पाठवावयाची डिस्क मजकूर घालण्यापूर्वीं एक्सफॅट करून घ्या. फॅट ३२ ही जुनी पद्धति सर्वांस वाचतां येते खरी, परंतु तींत एक फाइल चार जीबीहून मोठी ठेवतां येत नाहीं, आणि लग्नमुंजीचीं चित्रीकरणें त्याहून सहज मोठीं असतात.

सूची खरोखरच बिघडली असेल तर टेस्टडिस्क नांवाचें एक विनामूल्य साधन आहे. तें हरवलेले विभाग शोधून काढतें. त्याचेंच भावंड फोटोरेक. तें सूचीकडे न पाहतां तबकडीवरच्या मजकुराच्या ठेवणीवरून चित्रें व लेख ओळखून बाहेर काढतें, मात्र त्यांचीं मूळ नांवें आणि फोल्डर परत मिळत नाहींत. हीं साधनें चालविण्यापूर्वीं सबंध डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर करून घ्यावी आणि सारे प्रयोग नकलेवर करावे. लिनक्सवरचें डीडीरेस्क्यू याच कामाचें आहे. तें आधीं सहज वाचतां येणारा भाग उतरून घेतें आणि अवघड जागांकडे मागाहून वळतें. विंडोजचा चेकडिस्क मात्र अशा वेळीं चालवूं नये. त्याचें काम सूची सुसंगत करण्याचें. त्या सुसंगतीसाठीं तुमचा मजकूर बळी गेला तरी त्यास खंत नाहीं.

आतां ज्या प्रकरणांत घरगुती उपाय थांबवावयाचे तें. पेटी पडली असेल, किंवा आंतून ठराविक अंतरानें टक्-टक् असा आवाज येत असेल, तर तार तत्क्षणीं काढावी. आंतलें डोकें आपली खूण शोधावयास जातें, ती सांपडत नाहीं, म्हणून परत जागेवर येऊन आपटतें, पुन्हां जातें. त्या येरझारेचा तो आवाज. डोकें वांकडें झालें असेल तर प्रत्येक फेऱ्यास तें लेप खरवडूं शकतें, आणि खरवडलेला लेख जगांतला कोणताहि कारागीर परत आणूं शकत नाहीं. "आणखी एकदां लावून पाहूं" या चार शब्दांनीं जितके संग्रह बुडविले तितके पडण्यानेंहि बुडविले नसतील असें आम्हांस वाटतें.

डिस्क फ्रीजमध्यें ठेवावी हा सल्ला अजून तोंडोतोंडीं फिरतो. जुन्या, जाडजूड यंत्रांबाबत कोणास कधीं यश आलें असेल. आजच्या डिस्कमध्यें त्यानें बाष्प मात्र धरेल. घरीं पेटी उघडून तबकडी पाहण्याचा मोहहि तसाच. धुळीचा जो कण आपल्या डोळ्यांस दिसतहि नाहीं, तो डोकें आणि तबकडी यांमधल्या अंतराच्या मानानें पर्वत आहे. बाहेरचें आवरण काढून आंतली डिस्क दुसऱ्या केसिंगमध्यें बसविणें हा उपाय मात्र कधीं कधीं खरा ठरतो, कारण पुष्कळदां बिघडलेली असते ती डिस्क नव्हे, तर डिस्क व यूएसबी यांमधली छोटी दुभाष्या पाटी. पण हल्लीं कित्येक पेट्यांत यूएसबीची खांच डिस्कच्या पाटीवरच झाळलेली असते, आणि कांहींत ती पाटी मजकूर गुप्त लिपींत लिहीत असते. अशी डिस्क दुसऱ्या केसिंगांत घातली तर निरर्थक अक्षरांखेरीज कांहीं हातीं लागत नाहीं. म्हणून मूळ पाटी कधींहि टाकून देऊं नये. तशाच नमुन्याची दुसरी पाटी बसविली कीं काम झालें, अशीहि आतां सोय उरलेली नाहीं. प्रत्येक डिस्कच्या पाटीवर त्या एका डिस्कपुरत्या खुणा साठविलेल्या असतात.

अशा डिस्का निर्धूळ खोलींत उघडून डोकीं बदलणाऱ्या कार्यशाळा मुंबई-पुण्यास आहेत. खर्च नव्या डिस्कच्या किमतीच्या अनेक पट येतो. पेटी हातीं देण्यापूर्वीं विचारून घ्यावें : नुसत्या तपासणीचे किती घेणार, मजकूर न मिळाल्यास कांहीं द्यावें लागेल काय, काम मूळ डिस्कवर करणार कीं नकलेवर, मिळालेल्या फाइलींची यादी पैसे देण्यापूर्वीं दाखवाल काय, आणि मूळ डिस्क परत देणार कीं नाहीं. यांपैकीं कोणत्याहि प्रश्नावर जो चिडेल त्याच्याकडून पेटी उचलून घरीं आणावी. कुलवृत्तांतवाल्या गृहस्थांची डिस्क टक्-टक् करीत आहे असें त्यांच्या पत्रावरून दिसतें. त्यांस आम्ही खोटा धीर देत नाहीं. पत्र हातीं पडतांच डिस्क कपड्यांत गुंडाळून बाजूस ठेवावी, कोणाहि हौशी भाच्याच्या हातीं देऊं नये, आणि ज्या घरांतून त्यांनीं कागदांचीं छायाचित्रें घेतलीं त्या घरांस आजच पत्रें लिहावीं. मूळ कागद अद्याप तेथें असतील. वाळवी वाट पाहत नाहीं.

मजकूर एकाच ठिकाणीं ठेवूं नये हें आतां सांगावयाचें तर आपल्याकडे याचा दाखला फार जुना आहे. वेद लिहून न ठेवतां टिकले ते घोकण्यानें, हें सर्वांस ठाऊक. पण नुसत्या घोकण्यानें नव्हे. संहितापाठाबरोबर पदपाठ, मग क्रमपाठ, मग जटा, मग घन. जटेंत पहिलें पद, दुसरें, पुन्हां दुसरें, पहिलें, मग पहिलें, दुसरें, अशी वीण घालीत जावयाचें. एका पाठांत घसरलेलें अक्षर दुसऱ्या पाठांत उघडें पडावें, ही त्यांतली योजना. शिवाय तोच पाठ निरनिराळ्या प्रांतांत, निरनिराळ्या कुळांत चाले. आजचे संगणकवाले सांगतात कीं प्रती तीन असाव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागीं असावी. दुसऱ्या जागेचें महत्त्व पुणेकरांस तरी समजावून सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां नदीकांठच्या पेठांतून जीं घरें पाण्याखालीं गेलीं, त्यांत कपाटांत नीट बांधून ठेवलेल्या दोन-दोन प्रती एकदमच भिजल्या. एक डिस्क आपल्या घरीं, दुसरी लेकीच्या घरीं नागपुरास किंवा बेळगांवास, आणि ज्यांस साधेल त्यांनीं तिसरी प्रत ड्राइव्हवर. दर सहा महिन्यांनीं प्रत्येक डिस्क लावून दोन-चार फाइली खरोखर उघडून पाहाव्या. दिवाळी आणि अक्षय्यतृतीया असे दोन दिवस ठरविले तर विसर पडत नाहीं.

राहिलेल्या दोन शंका. नागपूरच्या एका वाचकांनीं विचारलें आहे कीं, विकत घेतलेली एक टेराबाइटची डिस्क संगणक ९३१ जीबीच दाखवितो, तेव्हां बाकीची जागा दुकानदारानें गिळली काय ? नाहीं. विकणारा हजाराच्या पटींनीं मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटींनीं. शेर आणि किलो यांतला जसा फरक, तसा तो आहे.

दुसरे विचारतात, तबकडी नसलेली एसएसडी घेतली म्हणजे हा सर्व ताप चुकेल काय ? पडण्याचा ताप पुष्कळसा चुकेल, वीजहि बेताची लागेल. पण ती आजारी पडण्यापूर्वीं कण्हत नाहीं. टक्-टक् नाहीं, घरघर नाहीं, एके दिवशीं एकदम गप्प होते. शिवाय तिच्यांतला लेख विद्युत्-भाराच्या रूपानें असतो, तो वीज न मिळतां कपाटांत वर्षानुवर्षें पडून राहिल्यास हळू हळू झिरपूं शकतो. रोजच्या वापरास ती उत्तम; ट्रंकेंत घालून विसरावयाच्या प्रतीसाठीं आम्ही अजून तबकडीचीच घेतों, आणि काढण्यापूर्वीं संगणकास "इजेक्ट" म्हणून सांगतों. विंडोजनें २०१८ पासून ही अट पुष्कळ सैल केली आहे, तथापि फाइल उतरत असतां मधेंच तार ओढली तर ती अर्धीच राहते.